आप्पांची जोड

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बोरगावची सकाळची बस हुकली, निपाणीत बसायला जागा मिळाली न्हाय, बेळगावच्या स्टँडवर पिशवीचा बंद तुटला, तरी दुपारच्या जेवणाला मी सांबऱ्यात हजर. आमची आई म्हणायची, बेबी घोड्यावर बसूनच जन्माला आलीया. खोटं न्हाय ते.

घर झ्याक हाय. पुढं फरशीचं अंगण, मागं शेवगा. विमानतळ जवळ, त्यामुळं वरनं विमान गेलं की ताटातली वाटी थरथरती. पहिल्या विमानाला मी आ वासून वर बघत बसले तर रचनाताई हसली. रचनाताई म्हंजे घरची सून, माझ्यापेक्षा धाकटी. शाळेत शिकवायची, सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडली. तिचा नवरा नागेंद्रअण्णा बेळगावात कारखान्यात सुपरवायझर, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. लेकरूबाळ न्हाय.

आणि माझा पेशंट, हरिभाऊ. घरात आप्पा, गावात वस्ताद. जवानीत पैलवानकी केली, मग तालमीत पोरं तयार केली. सहा वर्सांमागं अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. मांस उतरलंय, पण खांद्याची हाडं बघावीत, काय माणूस असंल एके काळी! मी पाया पडले आणि म्हटलं, आप्पा, आता तुमची गाठ बेबीशी हाय. त्यांनी मला पायापास्नं डोक्यापत्तुर बघितलं, बाजारात म्हस बघत्यात तसं. मी काय लाजणाऱ्यातली न्हाय, मीबी बघून घेतलं.

नागेंद्रअण्णांनी दोनदा बजावलं की आप्पा मांडीवर थाप मारतील तिकडं ध्यान देऊ नका, हात पुढं करतील तो धरू नका. का, ते सांगितलं न्हाय. बापाचा हात धरू नका म्हणणारा लेक! धन्य बाबा तुझी, म्हटलं मनात, आणि आणखी थोडी आमटी वाढून घेतली.

पेशंट सांभाळायच्या कोर्सच्या बाई म्हणायच्या, पेशंटचं करता करता आपलंच डोकं फिरतं, म्हणून रोज चार ओळी लिहीत जा. माझं कशाला फिरतंय! सासूचं सगळं अंथरुणातलं केलं मी. मरताना लेकाचं न्हाय, माझं नाव घेतलं तिनं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काम काय नवं न्हाय. अंग पुसायचं, डायपर बदलायचा, नाचणीची आंबील भरवायची, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सारखी कूस बदलायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेला टेकवून हिसका. घाम काढतो गडी! पण मला आवडतं ते. आमच्या बानं लहानपणी खांद्यावर बसवून मला कुस्त्यांची मैदानं दाखवलीत. आप्पांना उलटताना मी तोंडानं 'काढला रं पट!' करत असते, मग त्यांच्या मिशा हलत्यात.

रचनाताईचं मात्र काय खरं न्हाय. डोळे खोल गेल्यात, आप्पांच्या खोलीचा उंबरा वलांडत न्हाय. आज भाजी निवडता निवडता आपण होऊन बोलली. बेळगावात मनाच्या डॉक्टरांकडं जाती, गोळ्या चालू हायत. का, तर ती आप्पांना मारायची. सरळ म्हणाली तसं. चापट्या मारायची, चिमटे काढायची, एकदा तोंडावर उशी दाबली, नागेंद्रअण्णा दारात आला म्हणून आप्पा वाचले. मला ह्या खोलीतनं काढा, असं तिनंच सगळ्यांना सांगितलं. माहेरचे म्हणाले, दमली असशील, चार दिवस ये. सासरचे म्हणाले, शिकलेल्या सुना अशाच. डॉक्टर तेवढे म्हणाले, आधी दुसरं माणूस ठेवा.

मी वरवर व्हय व्हय केलं. आत मात्र तळतळ झाली. लोळागोळा पडलेल्या माणसावर हात उठतो कसा गं तुझा? देवानं दिलेत काय हात ह्यासाठी?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दोघं हलग्याला लग्नाला गेलती. घरात मी आणि आप्पा. जेवण झालं, मी त्यांचं तोंड पुसलं, आणि त्यांनी डाव्या मांडीवर थाप मारली. असला आवाज की बाहेर कावळं उडालं.

शड्डू! मैदानात पैलवान असा शड्डू ठोकत फेरी मारतो, हात पुढं करतो. ज्यानं हात दिला, त्यानं कुस्ती धरली. मग चितपट होईपत्तुर न्हायतर पंच सोडवीपत्तुर माघार न्हाय. आप्पांनी तसाच हात पुढं केला आणि माझ्याकडं बघत ऱ्हायले.

मला भरून आलं. पैलवानाची पाठ मातीला लागली की तो हरला. आणि हा माणूस सहा वर्सं उताणाच पडलाय. रोज सकाळी उठून हरायचं, रोज! बायकांनी उलटंपालटं करायचं, गांड धुवायची, आणि बरोबरीची जोड म्हणून कुणी हात द्यायचा न्हाय. लेकानंबी न्हाय. माझ्याच्यानं बघवंना. मी ओढणी कमरेला खोचली, माझ्या मांडीवर सणसणीत थाप मारली आणि म्हटलं, या आप्पा, बेबी तयार हाय! आणि हात दिला.

काय खुलला म्हातारा! डोळे असे चमकले की मी खदाखदा हसले. हात सोडवून घेताना बोटं कडाकडा वाजली. केवढी ताकद अजून! संध्याकाळी नागेंद्रअण्णांना यातलं काही बोलले न्हाय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कूस बदलायला वाकले आणि आप्पांनी माझ्या मानेवर हात टाकला. मला वाटलं आधाराला धरलं असंल. पण हात मानेमागं घट्ट बसला आणि त्यांनी मला खाली वढलं. माझं तोंड त्यांच्या छातीत दाबलेलं, श्वास बंद, कानात घुंई आवाज. कुस्तीच्या सुरवातीला खडाखडीत असंच करत्यात, मान दाबून समोरच्याचा दम बघत्यात. सुटता सुटंना. शेवटी मी त्यांच्या काखेत चिमटा काढला, नखं रुतवून. तवा सोडलं.

काखेत काळंनिळं झालंय. मी तेल लावलं, हात जोडले, माफी मागितली. पण खोटं कशाला लिहू, चिमटा काढताना बरं वाटलं. लई बरं वाटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मानेवर बोटं उठल्यात, म्हणून ओढणी गुंडाळून हिंडते. उकाड्यात हे काय, असं नागेंद्रअण्णांनी इचारलं. सर्दी म्हटलं.

आज आंबील भरवताना आप्पांनी वाटी उडवली आणि मूठ माझ्या भुवईवर हाणली. डोळ्यापुढं काजवे चमकले. आणि माझा हात उठला. एक थोबाडीत, उलट्या हातानं दुसरी. त्यांचा व्हट फुटला. रक्त मिशीवर आलं. आणि म्हातारा हसत हुता. वाचा गेलेला माणूस हसतो तो आवाज मी कागदावर लिहू शकत न्हाय.

मी मोरीत जाऊन रडले. ज्या बाईला मी मनात शिव्या दिल्या, तिच्यात आणि माझ्यात काय फरक ऱ्हायला?

आणि ती बाई! आज अबोलीचा गजरा माळून, गुणगुणत चपात्या लाटत हुती. गालावर रंग आलाय. दुपारी झोपली ती दिवे लागंपत्तुर उठली न्हाय. नागेंद्रअण्णा खूश, गोळ्यांचा गुण आला म्हणत्यात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रचनाताईनं ओढणी वढली आणि मान बघितली. मग सांगितलं सगळं.

दवाखान्यातनं आप्पांना घरी आणलं त्या दिवशी त्यांनी मांडीवर थाप मारून हात पुढं केला. ही बेळगावात टिळकवाडीत वाढलेली, हिला कुस्तीतलं काय कळतंय? सासरे आधार मागतायत म्हणून दोन्ही हातांत हात धरला. दुसऱ्या दिवसापास्नं मान, केस, बरगड्या. तिनं सोसलं, मग मारलं, मग मारल्याशिवाय करमंना. नागेंद्रअण्णांना समजलं हुतं. त्यांनी बापाला कधी हात दिला न्हाय. बायकोला सोडवायलाबी मधी पडले न्हाईत.

मी इचारलं, मला आधी का सांगितलं न्हाईस? मी दंडाला धरून गदागदा हलवली. मग म्हणाली, हलग्याहून आलो त्या रात्री मला झोप लागली, आक्का. सहा वर्सांनी. सकाळी उठले तर मारायची इच्छाच न्हाय, तवाच कळलं, तुम्ही हात दिलात, माझी कुस्ती तुमच्याकडं गेली. मला वाटलं, तुम्ही अंगानं दणकट हाय, तुम्हाला झेपंल.

तिचा राग आला. तिची दयाबी आली. दोन्ही एकदम येतं हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नागेंद्रअण्णांना धरलं. म्हटलं, पंच व्हा. खोलीत या, दोघांच्या मधी उभं ऱ्हावा आणि कुस्ती बरोबरीत सोडवली म्हणून मोठ्यानं सांगा. लेक हाय तुम्ही, तुमचं ऐकतील.

उंबऱ्याजवळ आले. आप्पांनी शड्डू ठोकला. अण्णांचं तोंड पांढरंफटक पडलं. मागं फिरले, गाडी काढली, डबाबी न घेता गेले. जाताना म्हणाले, असलं बोलून रचनाचं डोकं परत बिघडवू नका.

शनिवारी जाते मी. रचनाताईला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही गेल्यावर खोलीत कोण जाणार?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आप्पांनी कान चावला. तुकडा गेला खालचा.

मी बरगड्यांत गुडघा घातला. आतनं मोडल्याचा आवाज आला. तरी दाबत ऱ्हायले. तोंडानं 'हाण! हाण!' म्हणत हुते— मीच म्हणत हुते.

आप्पांचा उजवा हात हलला. मेलेला हात. डॉक्टर म्हणत्यात ह्या हाताला कधीच जान येणार न्हाय. त्यानं माझं मनगट धरलं.

माझ्या सासूला मी कधी— एक चापट न्हाय मारली कधी. खरंच न्हाय. मी तशी न्हाय.

पहाट कधी उजाडती आणि खोलीत कधी जाते असं झालंय. हे लिहायला नको हुतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळी

पिशवी भरली. शेवटचं अंग पुसायला पिशवी घेऊनच खोलीत आले. कोर्समधी शिकवलंय, पेशंटला मळका सोडून जाऊ नये— जायचं हुतं तसंच—

बाहेरनं कडी लागली.

दार बडवलं. रचनाताई पलीकडंच हाय, हुंदके ऐकू येत्यात. नागेंद्रअण्णा कामावर गेले म्हणाली. मला झोपू द्या, आक्का, एवढा आठवडा, पाया पडते— परत परत तेच. म्हटलं, अगं, मी मारून टाकीन गं ह्यांना! का हे मला— एकजण मरणार हाय आत, दार उघड!

ती म्हणाली, ठाऊक हाय.

मग पावलं वाजली. गेली.

आप्पा खाटेवरनं खाली उतरलेत. पडले न्हाईत, उतरलेत. आधी उजवा पाय टेकला. मोडक्या बरगड्यांनी श्वास शिट्टीसारखा वाजतोय. भिंतीला धरून उभं ऱ्हायलेत— सहा वर्सांनी पाठ वर हाय, केवढे उंच— छतापत्तुर—

शड्डू.

देवा, भीती वाटत न्हाय मला. भीती वाटायला पायजे हुती. हात शिवशिवत्यात. मानेवर जिथं शीर उडतीय तिथंच धरायचं, सोडायचं न्हाय. रचनाला झोप लागू दे. मलाबी लागंल मग.

आले. वही ठेवते, दोन्ही हात मोकळे पायजेत मला, त्यांची मान लई—