हजार मीटरच्या खाली

मंगळवार, १० फेब्रुवारी
शनिवारची स्की-टूर पक्की. क्लबचे आठ जण आणि मी. गाईड बुर्गल, आखणी माझी. श्वार्त्सकोगल शिखराची उत्तर बाजू. १९८७ साली उतरलो होतो. तो उतार मला ओळखतो. यंदाच जायला हवं. पुढच्या वर्षी गुडघा काय म्हणेल सांगता येत नाही. (काही म्हणणार नाही. गुडघा उत्तम आहे.)

बुधवार, ११
बर्फ सुरू. हिमलोटाचा धोका : पाचपैकी तीन. शाळेत मी तीनला 'ठीक' असा शेरा देत असे.
संध्याकाळी बैठक, मुद्दाम आमच्या स्वयंपाकघरात. हजार मीटरच्या वर गेलं की लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, हा आमच्या डोंगराचा कायदा. गाव नऊशे साठवर. म्हणजे इथे बुर्गल मला 'गुरुजी, तुम्ही' म्हणणार, आणि गुरुजींना नाही म्हणायला तिची जीभ अजून वळत नाही. चौथीत भूगोल शिकवलाय तिला.
तिने केकचे तीन तुकडे खाल्ले. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाली, वाऱ्याने तिथे बर्फ साठलाय, तुम्हाला नाही का वाटत, जंगलातली वाट बरी? म्हटलं, नाही वाटत. गप्प बसली. म्हणजे पटलं.

गुरुवार, १२
तळघराचा जिना वीस वेळा चढायचा संकल्प. चार वेळा चढलो. जिना चुकीचा बांधलाय.
चाळीस सेंटिमीटर नवा बर्फ. वारा थांबत नाही. बायकोने, इर्मीने, जेवताना विचारलं, ८७ साली तुझ्याबरोबर लोइस होता, त्याचं काय झालं ते सांगितलंस का त्या आठ जणांना? दहा मिनिटांत बर्फातून उकरून बाहेर काढला होता त्याला. बोलतही होता. हा भाग ती नेहमी गाळते.

शुक्रवार, १३
बुर्गलचा फोन. शेवटचं काय ते उद्या वरच्या पार्किंगमध्ये ठरवू, तिथून उतार नीट दिसतो. बघू दे की. बघितला की आपोआप पटेल.
धोका अजून तीनच. बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणाऱ्या बीपरची बॅटरी बदलायची आहे. सकाळी.

शनिवार, १४. सकाळी ७.४०, गाडीत
पार्किंगच्या पाटीवर आकडा आहे : १०४०. आज पहिल्यांदा वाचला.
सगळे ऐकत होते. बुर्गल म्हणाली, "गेबहार्ट, तुझा उतार आज नाही. या लोकांना मी तिथे नेणार नाही, आणि तुलाही नाही."
तुझा. तुला. मी चौथीतल्या तिच्या मार्कांचा विषय काढला. ती म्हणाली, "बीपर दाखव."
एकेक जण तिच्या पुढून गेला, प्रत्येकाचा बीपर वाजला. माझा वाजला नाही. बॅटरी.
"बीपर बंद, तर टूर बंद. तू खाली जा."
जंगलाच्या वाटेने गेले. लेचेपेचे.

११.२०, गावातली खानावळ
उत्तर बाजू सुटली. खिडकीतून दिसलं. आधी रेघ उमटली, मग सगळा उतार एकदम खाली, आवाज त्यानंतर. ८७ ची माझी वाट जिथे होती तिथे आता खडक दिसतोय.
आखणीप्रमाणे ११.२० ला आम्ही बरोबर मधोमध असतो.
सूप मागवलंय. कोट पुन्हा अंगात घातलाय. खानावळीत थंडी फार.

दुपारी २
परत आले. नऊ मोजले. पुन्हा मोजले.
बुर्गल समोर येऊन बसली.  मी म्हणालो, बुर्गल, यापुढे मला खालीही 'तू'च म्हणत जा.
तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "खाली नाही जमायचं, गुरुजी. तुमचं सूप गार झालंय."
बघितलं. झालं होतं. तिचं बरोबर होतं.