पान एकेचाळीसवरचे उत्तर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. याच डॉक्टरांनी माझी गुडघेदुखी "वयोमानाप्रमाणे" म्हणून वाटेला लावली होती, तरी त्यांचा हा दाखला मी खरा मानते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची टापही नाही.

कलम १. माझी दोन खोल्यांची जागा, शिकवणीच्या खोलीतला फळा आणि बाकांसह, गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंपीणबाईंच्या मुलीला द्यावी. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. भाच्या-पुतण्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. माझ्या आजारपणात "काय म्हणतेय तब्येत?" असे दारातूनच विचारून, चपला न काढता परतणाऱ्यांनी इथल्या पंख्यावरही हक्क सांगू नये.

कलम २. शब्दकोशही तिलाच.

कलम ३. आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापकांना काहीही देऊ नये. "बाई, क्रियाविशेषण कुठेही टाका हो, अर्थ कळल्याशी कारण!" असे ते भर वर्गात मुलांसमोर म्हणाले होते. अठ्ठावीस वर्षे मी घसा कोरडा करून सांगितले, की ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण ‘इज’ आले की त्याच्यानंतर. आणि क्रियापद व त्याचे कर्म यांच्यामध्ये कोणीही नाक खुपसायचे नाही. या गृहस्थांनी त्यावर एका वाक्यात पाणी ओतले. माझ्या शोकसभेत ते बोलायला उठले तर त्यांना खाली बसवावे.

कलम ४. माळ्यावर ‘क्रियाविशेषण कुठे ठेवावे?’ या माझ्या पुस्तिकेचे गठ्ठे आहेत. ते रद्दीत न देता फाडून टाकावेत. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. माझ्या धाकट्या भावाला काहीही मिळणार नाही. पुस्तिका मी लिहिली, छापखान्यातली मुद्रिते त्याने तपासली. पान एकेचाळीसवर ‘ती चांगले इंग्रजी बोलते’ या वाक्यासाठी तीन पर्याय होते, आणि त्यांतला ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ हा बरोबर म्हणून छापला गेला. ‘वेल’ शेवटी हवे, हे शेंबडे पोरही सांगेल. शिंपीणबाईंची मुलगी परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रवेश परीक्षेला बसली तेव्हा नेमका तोच प्रश्न आला. तिने पुस्तिकेप्रमाणे खूण केली आणि एका गुणाने राहिली. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली.

मी भावाला दारात उभे करून विचारले, "डोळे फुटले होते का तुझे?"

तो म्हणाला, "ताई, हस्तलिखितातच तसं होतं."

"माझ्या हातून? शक्यच नाही. चालता हो."

तेव्हापासून एकोणीस वर्षे आमचा अबोला आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी दार लावून घरात बसले होते.

कलम ६. गेल्या महिन्यात जागेची कागदपत्रे शोधताना ते हस्तलिखित सापडले. पान एकेचाळीसवरचे चुकीचे उत्तर माझ्याच अक्षरात आहे. शेजारी भावाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्यावर काट मारून मी लाल शाईने लिहिले आहे: "शहाणपणा नको. आहे तसे छाप." म्हणजे त्याने मला विचारले होते. हे मी खरेच विसरले की सोयीने विसरले, ते मला सांगता येत नाही. मला स्वतःची लाज वाटते.

काल शिंपीणबाईंच्या मुलीला बोलावून मी ते पान दाखवले. तिने लाल शाईच्या ओळीवर बोट ठेवले.

"बाई, परीक्षेत मला ‘वेल’ शेवटीच बरं वाटत होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, बाईंच्या पुस्तकात आहे. बाई कशा चुकतील?"

जागा ही तिची भरपाई नव्हे. ती होणार नाही, एवढे मला कळते.

कलम ७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. ज्याला हमखास काही मिळणार नाही असा सख्खा नातेवाईक मला एकच आहे. त्याला निरोप धाडला आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही वकील म्हणतात, पण तो वाचेल. हस्तलिखित टेबलावर ठेवले आहे. कलम पाच मी खोडणार नाही. एकोणीस वर्षांत त्यानेही एकदा तरी "ताई, ते पान काढून बघ" म्हणायला हवे होते.

ठिकाण: राहते घर, शिकवणीची खोली.
दिनांक: सोमवार, वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.

मृत्युपत्र करणारीची सही.

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. सही, आणि खाली त्याच्या अक्षरात: "ताई, मजकूर पूर्ण वाचला. दुरुस्ती नाही."