सौम्याची पाठ

वडगाव, बेळगाव

अंबूआक्का,

दोन वर्षांमागं पोलक्याचं माप घेताना तू म्हणालीस, "गुंडू, सौम्याचा एक खांदा वर हाय. वाकली की पाठ एका बाजूला उचलती. डॉक्टरला दाखव." पोरीत खोट काढतीस म्हणून मी तुला घरातनं जा म्हणालो. तू निपाणीला गेलीस, ती परत आली न्हाईस.

दुसऱ्याच आठवड्यात गुपचूप दवाखाना गाठला. कणा वाकला होता. वाढतं वय, म्हणून डॉक्टरांनी पाठीला बांधायचा ब्रेस दिला. शाळेतही तो घालून पोरगी हसत राहिली. काल तो सुटला. बाक वाढला न्हाय, ऑपरेशनही टळलं.

"आप्पा, आत्याला सांगितलं काय?" सौम्यानं विचारलं.

आक्का, हे पत्र टाकत न्हाय. उद्या ते घेऊन आम्हीच निपाणीला येतोय.

तुझा चुकलेला भाऊ,
गुंडू