स्था म्हणजे उभे राहणे

१ जानेवारी १९७५, बुधवार. उंब्रज.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, माझी मला. यंदा संकल्प एकच. ‘स्था’ या संस्कृत धातूवर ग्रंथ लिहायचा. स्था म्हणजे उभे राहणे. व्यवस्था, अवस्था, संस्था, आस्था, प्रतिष्ठा, प्रस्थान ही सगळी त्याचीच पोरे. मराठी माणूस दिवसभर हा धातू बोलतो आणि त्याला पत्ता नसतो. तीनशे पाने सहज होतील. रोज पहाटे पाच ते सात लेखन. हायस्कूलमधला संस्कृतचा मास्तर म्हणून लोक ओळखतात, वर्षअखेर ग्रंथकार म्हणून ओळखतील.

२ जानेवारी.
पाचला उठलो नाही. थंडी फार. पुरेशी झोप ही लेखनाचीच तयारी. संध्याकाळी बसेन.

९ जानेवारी.
संध्याकाळी सौ. ने दळण आणायला पाठवले. गिरणीत गर्दी. तरी पान एक पूर्ण : ग्रंथाचे नाव आणि खाली माझे, नाथाजी. एम. ए. लिहावे की नको यात बराच वेळ गेला. लिहिले.

१२ जानेवारी, रविवार.
सांगलीच्या एका संस्कृत मंडळाला पत्र टाकले. ‘स्था’वर पाऊण तास बोलू शकेन, असे कळवले. तास म्हणणार होतो, पण पहिल्याच पत्रात नको.

२० जानेवारी, सोमवार.
हेडमास्तर आप्पासोंनी केबिनमध्ये बोलावले. नवा पॅटर्न आलाय, म्हणाले. संस्कृत आता ऑप्शनल. जूनमध्ये आठवीला पंधरा पोरं झाली न्हाईत तर तुकडी बंद. गुरुजी, घरोघर जा, नावं गोळा करा. मी म्हणालो, विद्या ही गोळा करायची वस्तू नव्हे, पोरे आपोआप येतील. आप्पासो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बोलणे मनाला भिडले असावे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
सातवीवर नमुना तास घेतला. आप्पासो मागच्या बाकावर. फळ्यावर लिहिले, तिष्ठति म्हणजे उभा राहतो. आधी ‘प्र’ लावला की प्रतिष्ठते, म्हणजे निघतो. एक अक्षर काय लागले, उभा होता तो चालायला लागला. ‘उद्’ लावला, उठतो. ‘अनु’ लावला, अनुष्ठान. तेवढ्यात रंगुबाईची राही उभी राहिली आणि विचारले, गुरुजी, आन् वि लावला की काय हुतं?
शास्त्राशी खोटे बोलता येत नाही. फळ्यावर लिहिले, विष्ठा.
घंटा होईपर्यंत हशा थांबला नाही. आप्पासो रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. एवढा प्रतिसाद मला आजवर कुठल्याही तासाला मिळालेला नाही.

१० फेब्रुवारी.
बाजारातून जाताना दोन पोरे मागून ‘वि-स्था, वि-स्था’ करत होती. धातू गावात पोचला.

३ मार्च, सोमवार.
सांगलीहून कार्ड. वार्षिक सभा रविवार दि. ११ मे, आपण उपस्थित राहावे. बोलावणे आले.
सौ. ने कार्ड उलटसुलट करून वाचले. म्हणाली, आवं, ह्यात भाषण कुठं लिवलंय? मी समजावले. उपस्थित हा शब्द ‘उप’ अधिक ‘स्था’. त्याचा अर्थ नुसता हजर असणे नव्हे. जवळ जाणे, सेवा करणे, मंत्राने पूजा करणे असे कितीतरी अर्थ आहेत. स्थाच्या अभ्यासकाला मुद्दाम हाच शब्द घातला, यातच सगळे आले. ती म्हणाली, कार्ड छापील हाय, समद्यास्नी हेच ग्येलं आसंल. लीला सातवीपर्यंत शिकली. तिचा दोष नाही.

३० मार्च, रविवार.
ग्रंथ तूर्त सोळा पानांचा करत आहे. भाषणाच्या वेळी वाटायला मोठा ग्रंथ अवजड पडतो. कराडच्या छापखान्यात ‘ष्ठ’चा खिळा तुटका निघाला. प्रतिष्ठाच छापता येईना. सांगलीच्या छापखान्याला मजकूर पोस्टाने पाठवला.

२१ एप्रिल.
आठवीसाठी नऊ नावे आली. नमुना तासाचे फळ. आप्पासो म्हणाले, वहिनी फिरत्यात म्हून. चौकशी केली तेव्हा कळले, लीला रोज दुपारी बायकांकडे जाऊन बसते आणि पोरांची नावे आणते. मला आवडले नाही. तिला म्हणालो, याने विषयाची प्रतिष्ठा जाते. ती म्हणाली, आन् तुकडी ग्येली की मंग काय ऱ्हातंय? उत्तर होते, पण तिची भाकरी करपत होती.

३ मे, शनिवार.
चौदा. एकच कमी. नावनोंदणी सोमवारी बारा तारखेला दुपारी बंद. लीला म्हणाली, राहीची आई म्हणतीया, मास्तरांनी सोता यावं, मग नाव घालते. पोरगी हुशार हाय. उंद्याच जावा.
जाईन. मुलीचा आणि शास्त्राचा संबंध आईला नीट समजावून सांगावा लागेल. त्यासाठी मुद्दे काढायला हवेत.

७ मे.
मुद्दे काढले, बावीस. गेलो नाही, ऊन फार. शिवाय सांगलीचे भाषण पाठ करतोय. लीलाने तीनदा आठवण केली. सांगितले, भाषणाची बातमी गावात आली की रंगुबाई स्वतःच येईल.

१० मे, शनिवार. सांगली.
कराडला एस.टी. बदलून दुपारी पोचलो. मुक्काम धर्मशाळेत. छापखान्यात गेलो. कंपॉझिटर इमामभाई, पन्नाशीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाले, गुरुजी, तुमी उत्स्थान लिवलंय. हितं स ऱ्हात न्हाई. उद् च्या म्होरं स्थाचा स जातो. उत्थान. तीस वर्सं खिळं जुळवतोय, उत्स्थान कवा जुळवलं न्हाई.
मी म्हणालो, लेखकाने लिहिले तसे जुळवावे. ते बरं म्हणाले.
धर्मशाळेत व्याकरण उघडून पाहिले. स जातो. एम. ए. ला हे सूत्र मला पाठ होते.

११ मे, रविवार. सकाळी.
उघडायच्या आधीच छापखान्याच्या दारात. कसे सांगावे हे ठरवत होतो. इमामभाईंनी छापलेली पुस्तिका हातात दिली. सगळीकडे उत्थान. मग एक काडेपेटी पुढे केली. आत शिशाचे स. म्हणाले, एकोणीस निगालं. बगा, बरोबर हाय न्हवं. मला आभार मानता आले नाहीत. छपाई ठीक आहे एवढेच म्हणालो. त्यांनी एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सभेत कार्यक्रमपत्रिका होती. स्वागत, अहवाल, अध्यक्षीय भाषण, चहा. माझे नाव नव्हते. घाईत राहिले असेल म्हणून चिटणिसांना गाठले आणि म्हणालो, मी नाथाजी, उंब्रजचा, ‘स्था’. ते म्हणाले, हो हो, आपण उभे का, बसून घ्या.
बसलो. थोड्या वेळाने एक वृद्ध गृहस्थ आले, खुर्च्या संपल्या होत्या, माझी दिली. अडीच तास भिंतीशी. अध्यक्षांच्या भाषणात मध्येच शांतता झाली, तेव्हा दोन पावले पुढे झालो. ते पाणी पीत होते.
चहाच्या वेळी व्यवस्था पाहणाऱ्या पोक्त बाईंनी मला मंडळाचाच माणूस समजून हातात ट्रे दिला. नाही म्हणता आले नाही. पुस्तिका दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या होत्या. परत आलो तर त्यांच्यावर कपबशा. चहाची वर्तुळे नेमकी माझ्या नावावर.
एका अर्थी पुस्तिका सर्वांच्या हाताखालून गेली.

१२ मे, सोमवार. उंब्रज.
सकाळची एस.टी. चुकली, दुसरी इस्लामपूरला बंद पडली. उंब्रजला पोचलो चार वाजता. पिशवी न ठेवता थेट रंगुबाईकडे. ती शेंगा फोडत ओट्यावर बसली होती. मी पहिला मुद्दा सुरू केला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, मास्तर, दुपारीच शेती विषयाला नाव घातलं. धा दिस तुमची वाट बघितली. तुमी पायरी चढला आसता तर न्हाई म्हणनार न्हवते. पोरगी तर लय मागं लागली हुती.
राही दारात उभी होती.
उरलेले एकवीस मुद्दे खिशातच.
घरी लीलाने पाणी दिले. तिला सांगलीचे खरे सांगावे असे दोनदा वाटले. भाषण बरे झाले, म्हणालो. ती म्हणाली, व्हय, चेहऱ्यावरनं कळतंय.

९ जून, सोमवार.
शाळा सुरू. आठवीची संस्कृतची तुकडी बंद. चौदाही पोरे शेती विषयाला घातली. आप्पासोंकडे जाऊन म्हणालो, चौदा आणि पंधरा यात फरक तो काय. ते म्हणाले, गुरुजी, माज्या हातात आसतं तर. खरेच वाईट वाटलेले दिसले. मग म्हणाले, नोकरी जात न्हाई तुमची. शेतीचा मास्तर बदलून ग्येला, त्यो विषय तुमी घ्या. तुमी शेतकऱ्याच्या घरचंच. तुमाला जमंल.
आमच्या घरात थोरला भाऊ ऊस बघतो, धाकटा मिलिटरीत. मी रानात जावे लागू नये म्हणून शिकलो. वडिलांनी तेव्हा मला एका शब्दाने अडवले नव्हते. हे आप्पासोंना सांगायचे होते. टाइमटेबलवर सही करून आलो.

१६ जून, सोमवार.
शेतीचा पहिला प्रॅक्टिकल तास. शाळेमागचा वाफा. एकोणतीस मुले, त्यांत माझी चौदा. हातात खुरपे घेऊन वाफा कसा मोकळा करावा हे सांगायला लागलो. पुस्तकात वाचून आलो होतो. दोन मिनिटांत मिरचीची चार रोपे तणाबरोबर काढली. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
राही पुढे आली, माझ्या हातातले खुरपे हळूच काढून घेतले आणि म्हणाली, गुरुजी, ऊन लय हाय. तुमी तितं सावलीला बसा, आमी करतो.
बसलो.