झिलईची चव

तिगमी, १२ ऑक्टोबर १९९४

मोठ्या भाऊजींना, मबारक यांना तूदाचा सलाम.

तुम्ही, जाऊबाई, सुना-नातवंडं सगळी खुशाल असाल, अल्ला तसंच ठेवो. इकडे खजूर उतरवून झाले, यंदा बरे आहेत. विहिरीला पाणी आहे. अक्षर माझ्या लेकीचं, रबहाचं, शब्द माझे. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण बोलता येतं हेही ठाऊक असेल.

ट्रकवाल्या हद्दूबरोबर तुम्ही पाठवलेले साखरेचे दोन सुळके पोचले. ते न फोडता तसेच त्याच्याच हाती परत करतेय, ठेवले तर होकार समजाल. जाऊबाईंना म्हणावं राग मानू नका, साखर चांगली होती.

आता तुमच्या निरोपाचं. माराकेशच्या वेशीवर तुमची मातीच्या भांड्यांची नवी भट्टी उभी राहिली, मुबारक असो. भांड्यांवरची हिरवी झिलई नीट बारीक वाटली गेली की नाही, हे जिभेवर थेंब घेऊन, दाताखाली कचकच लागते का बघूनच कळतं, आणि ती पारख आपल्याच घरात आहे, हेही मान्य. म्हणून म्हणता, "बासूला पाठव. डोकं गेलं तरी जीभ शाबूत आहे. तो नसेल येत तर रबहाला पाठव, रक्तातच आहे पोरीच्या." अहो भाऊजी, सख्खा भाऊ तुमचा! जीभ तेवढी ट्रकमध्ये घालून पाठवू का?

तुमचे भाऊ कसे आहेत ते ऐका. सकाळी भिंतीच्या चुन्याला ओलं बोट लावतात, चाटतात आणि म्हणतात, "अजून वाट." रश्शाची वाटी दिली तरी तेच, "अजून वाट." मला ते भट्टीवरची बाई समजतात आणि संध्याकाळी मजुरी घेऊन जा म्हणतात. मी हो म्हणते. चौतीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, आणि रोज संध्याकाळी मला स्वतःच्याच घरातून निरोप मिळतो. रडू येतं हो.

वर्झाझातच्या डॉक्टरने रक्त तपासलं. शिसं निघालं, नको तितकं. झिलईतलंच. ते रक्तातून मेंदूत जातं, तिथल्या पेशींत ठाण मांडून बसतं आणि त्यांना जाळतं, असं त्याने मला समजेल असं सांगितलं. विसरण्याचं दुखणं निव्वळ त्यानेच आलं का, हे मात्र छातीठोक सांगत नाही म्हणाला. तेवढंच तुम्ही धरून बसलात! "बघ, डॉक्टरलाच खात्री नाही." त्याची खात्री होईपर्यंत मी माझी पोर चाटायला बसवू?

आणि म्हणे आजोबांनी ऐंशीपर्यंत झिलई चाखली, त्यांना काय झालं? विसरलात? शेवटच्या वर्षी गाढवाला वहिनी म्हणून सलाम करायचे. आपण सगळे तोंडाला फडकं लावून हसायचो. मीही हसले. आता नाही हसत.

तुम्ही लिहिलं होतंत, गेल्या दोन वर्षांतला तिगमीचा माल पूर्वीपेक्षाही सरस, बासूची जीभ देवाने राखली. भाऊजी, बासूंनी दोन वर्षांत एक थेंबही पारखलेला नाही. मी पारखत होते. ते शेजारी बसायचे, मान डोलवायचे, आणि सगळ्यांना वाटायचं उस्ताद काम करतायत. इथली भट्टी बंद पडली असती तर खाणार काय होतो? कुणाला फसवलं म्हणत असाल तर म्हणा. माल चोख होता.

रबहा थांबलीय. लिही म्हणते मी, लिही. "आई, तू?" म्हणून डोळे पुसत बसलीय. लिही गं.

तर चहात दोनदा मीठ घातलं मी. हिला हन्ना म्हणून हाक मारते. हन्ना माझी बहीण, लहानपणीच गेलेली. परवा विहिरीवरून येताना आपल्याच दारासमोर उभी राहिले आणि हे घर कुणाचं ते कळेना. थोड्या वेळाने कळलं. वयाने असेल, शिशाने असेल, मला डॉक्टरला विचारायचंही नाही. पण डोकं जागेवर आहे तोवर हे सांगून ठेवते: पारखीचं भांडं मी फोडलंय. झिलईची भुकटी पोत्यासकट गावाबाहेर खोल पुरलीय. तिगमीत आता बिनझिलईचे पाण्याचे माठ होतील. कमी पैसे मिळतील, मिळू देत. तुम्ही बिरादरी गोळा करा, आम्हाला वाळीत टाका, हवं ते करा. रबहा येणार नाही. उद्या मी स्वतः विसरून तिला "जा" म्हटलं, तरी ते माझं म्हणणं धरायचं नाही. आज म्हणतेय तेच धरायचं.

भावाला भेटायला मात्र या. ते ओळखणार नाहीत, तरी या. रिकाम्या हाताने या.

शेवटी अंगठा लावते म्हटलं तर रबहा म्हणतेय, थांब, खालचं मी माझं लिहिते.

काका, मी येणार नाही. हे आईने सांगितलं म्हणून लिहीत नाही. तिला आठवेनासं झालं की तिच्या वतीनेही हेच सांगेन.

तूदा (अंगठा)
रबहा, तिची मुलगी