वल्लरीच्या मागे उभं राहण्याबाबत

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

ती. दाजी यांना मधुचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता, सध्या वाकायला डॉक्टरांची मनाई आहे). आपला गुडघा, शरयूची शुगर आणि वल्लरीच्या लग्नाचा आचारी हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. माझ्या ताब्यात काय आहे आणि काय नाही, ते खाली सविस्तर लिहितो आहे.

हर्नियाचा त्रास अजून होत असेल तर मंडपात वल्लरीच्या मागे मामा म्हणून निमिषला उभं करू का, असं आपण फोनवर विचारलंत. आपला स्पीकर नेहमीप्रमाणे चालू होता आणि मागे आपल्या आळीतल्या चार बायका गव्हले वळत होत्या, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणालो. आता नीट सांगतो. एक तर माझा मुलगा निमिष हा वल्लरीचा मामेभाऊ आहे, मामा नाही. तिला मामा एकच, तो मी. दुसरं म्हणजे, तो हर्निया नव्हता. माझं प्रोस्टेट काढलं. त्यात नको ते सापडलं होतं, ते सगळं निघालं, आता जिवाची काळजी नाही. (हे पत्र आपण मोठ्यानं वाचत असाल तर इथे थांबून खोलीत कोण कोण आहे ते बघावं.) हर्निया सांगायचं हे आमच्या हिनं ठरवलं. हर्निया जरा घरंदाज वाटतो म्हणाली.

त्या घरंदाजपणापायी मी काय भोगलं ते ऐका. माझी नळी काढून चार दिवस झाले होते आणि आपण साताऱ्याहून सहा शहाळी घेऊन आलात. त्यातली दोन माझ्यासमोर बसून मला प्यायला लावलीत. त्या तासाभरात मी पाच वेळा "देवाजवळ निरांजन बघून येतो" म्हणून आत गेलो. जाताना आपण हिला म्हणालात की आजारपणानं मधु अगदी धार्मिक झाला. दाजी, आमचं देवघर त्या दिशेला नाही, हे आपण चाळीस वर्षांत पाहिलं नाहीत याचं नवल वाटतं.

या ऑपरेशनची गंमत अशी की गाठ काढताना नळाची चावीही सैल होते. हसलं, खोकलं, खुर्चीतून उठलं की गेलंच. डॉक्टर सांगतात, तीन-चार महिन्यांत ताबा येईल, धीर धरा. (धीर धरता येतो, बाकीचं धरता येत नाही, ही तर तक्रार आहे.) तोवर मोठ्या माणसांचे लंगोट वापरायचे. ते औषधाच्या दुकानात मागताना ही "सासूबाईंसाठी हवेत" असं म्हणते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. दुकानदार हल्ली तिच्या तब्येतीची चौकशी करतो.

ताबा परत यावा म्हणून व्यायाम शिकायला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तर ती माझीच विद्यार्थिनी निघाली. सोनम, सातवी ब. आपल्याला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि माझ्या तासाला करंगळी वर करणाऱ्या एकाही पोराला बाहेर सोडलं नाही. बेल होईपर्यंत धरता येत नाही का, मनाचा निग्रह म्हणून काही असतो की नाही, हे माझं ठरलेलं व्याख्यान. सोनम फार गोड पोरगी. तिनं मला उताणं झोपवलं, आतून कसं आवळायचं ते समजावलं आणि म्हणाली, "सर, आता बेल होईपर्यंत धरायचं." मग टेबलावरची बेल हातात घेतली आणि ती वाजवायला तिला अजिबात घाई नव्हती.

तिथेच धुळा भेटला. कवठे महांकाळचा, मेंढरांमागे आयुष्य काढलेला माणूस, माझ्या आधी महिनाभर हेच ऑपरेशन झालेला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो, तर हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आवं मास्तर, लाजताय कशापाई? शिंक यायच्या आदी आवळायचं, मागनं आवळून काय उपेग न्हाई. आन् हसू नका बगा. हसला की गेला." मला हसू आलं. पुढचं लिहीत नाही.

आता आपल्या मंगलाष्टकांकडे वळतो. आपण स्वतः रचून, स्वतः गाऊन पाठवलीत, त्याबद्दल अभिनंदन. चौदा कडवी, तेवीस मिनिटं. उभ्यानं माझा विक्रम सतरा मिनिटांचा आहे. रविवारी आम्ही दिवाणखान्यात तालीम केली. ही वल्लरीच्या जागी, दोन खुर्च्यांवर टॉवेलाचा अंतरपाट, मागे मी आणि मोबाइलवर आपण. पहिली तीन कडवी देवांची होती, ती निभावली. चौथ्यात कृष्णामाई दुथडी भरून वाहिली. पाचव्यात तिला वेण्णा मिळाली. सहाव्यात कोयनेचे दरवाजे उघडले. सातव्यात ठोसेघरचा धबधबा आला आणि त्यातलं "धो धो" आपण चांगलं लांबवून गायलात. दाजी, लग्नात इतकं पाणी कशाला? आठवं कडवं ऐकायला मी तिथे नव्हतो.

तरीही वल्लरीच्या मागे मीच उभा राहणार. मुलीला मंडपात मामानं आणायचं, हे मी तिच्या बारशापासून धरून बसलो आहे, आणि सध्या मला धरता येण्यासारखी तेवढीच एक गोष्ट आहे. शरयूला आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं.

आपला,
मधु

ता. क. चौथं ते सातवं कडवं गाळल्यास काव्याचं काहीच बिघडणार नाही. उरलेलंही गाळल्यास माझी हरकत नाही.

ता. क. २. आपली कोयनानगरला बदली झाली तेव्हा वल्लरी पाचवीला वर्षभर आमच्याकडे होती, माझ्याच वर्गात. एकदा तिनं करंगळी वर केली. मी खाली बस म्हणालो. तास संपायच्या आत, सगळ्या वर्गासमोर, व्हायचं ते झालं. घरी येऊन ती कुणाला काही बोलली नाही, मामीलाही नाही. मीही कधी विषय काढला नाही. आता रोज तो बाक आठवतो आणि फार लाज वाटते. परवा तिला फोन करून माझ्या ऑपरेशनचं खरं काय ते सांगितलं आणि त्या दिवसाची माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, मागे तूच उभा राहा. नाहीच राहवलं तर माझ्या पाठीला करंगळी लाव. मी चक्कर आल्यासारखं करीन."

ता. क. ३. हे कुणालाही सांगणार नाही, असं मी तिला वचन दिलं आहे. तेव्हा मंडपात वल्लरीला चक्कर आली तर आपण घाबरू नये, डॉक्टरला हाक मारू नये. कडवं असेल तिथे सोडून शेवटचं "शुभमंगल सावधान" म्हणून टाकावं आणि अंतरपाट खाली घ्यावा. आणि कुणी तिच्यासाठी पाणी घेऊन धावलंच, तर त्याला माझ्या समोरून जाऊ देऊ नये.