पुलावर काढलेलं हेल्मेट

तीर्थरूप मामा,

इथूनच नमस्कार. (वाकून केला असता, पण सध्या वाकलं की कपाळ ठणकतं. कारण पुढे येईल.) तुमची पाठ कशी आहे? मामी अजून दुकानात येऊन तुमच्या चुका काढतात ना? म्हणजे सगळं ठीक. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे, तेव्हा काना-मात्रा लागेल तिथे आपणच लावून घ्या.

तुम्ही विचारलं होतं, सायकल चालवायला माणसं सुट्टी काढून परदेशात जातात हे खरं का. खरं आहे. आमची कंपनी त्यांना नदीकाठाने फिरवते आणि मी पंप, पाने, ट्यूब घेऊन सगळ्यांच्या मागे. आता गंमत अशी, की नदीच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. अलीकडे हेल्मेट नसेल तर पोलीस धरतो, पलीकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि आमचा रस्ता दर पुलावरून इकडून तिकडे उड्या मारणारा. त्यामुळे घालायचं की नाही यावर रोज नाश्त्यालाच जुंपते. यावेळी एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांचं म्हणणं, केसांतून वारा खेळला नाही तर सायकल कशाला चालवायची. (डोक्यावर केस एकही नाही. वारा थेट खेळतो.) दुसरे विमेवाले काका, ते नाश्त्यालासुद्धा हेल्मेट घालून बसतात आणि चहा पट्ट्यावर सांडतात. दोघेही माझ्याकडे बघून म्हणतात, "तू तर यातला माणूस, तूच सांग!" मी दोघांनाही बरोबर म्हणतो. नोकरी टिकवायचीय.

शेवटी मालकीणबाईंनी तोडगा काढला : एका काठावर सगळ्यांनी घालायचं, दुसऱ्या काठावर सगळ्यांनी काढायचं, म्हणजे भांडण नको. पण पुलावर उतरायला कुणी तयार नाही, चढावर लय तुटते म्हणतात. म्हणून सगळी वरात एका हाताने हँडल आणि एका हाताने हनुवटीखालचा पट्टा अशी पूल ओलांडते. मामा, अख्ख्या रस्त्यात कुणी पडत नाही. जे पडतात ते पुलावरच, सुरक्षिततेच्या नियमापायी. परवा डॉक्टर मधेच फोटो काढायला थांबले. मी नुकतंच हेल्मेट उतरवलेलं, ब्रेक एकाच हातात, थेट कठड्यावर गेलो. कंपनीचं हेल्मेट होतं, म्हणून त्याला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. सगळा मार कपाळावर घेतला. टाके पडले. मालकीणबाईंनी हेल्मेट उलटसुलट करून पाहिलं आणि शाबासकी दिली.

आता खरी काळजी आईची. "डोक्याला खरचटलं तरी सामान बांधून घरी यायचं," या अटीवर तिने मला सोडलंय, तुमच्या समोरच. आणि मला इथून हलायचं नाही, मामा. आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठून कामावर जावंसं वाटतंय. पण फोनवर तिने पट्टी बघितलीच. रडली नाही. एकच विचारलं, "हेल्मेट होतं ना?" मी म्हटलं, "होतं." (होतंच. हातात.)

मामींना नमस्कार. पाठीला शेक द्या.

तुमचा भाचा

ता. क. हेल्मेटने पोर वाचलं म्हणून आई गल्लीभर सांगत सुटलीय. हेल्मेट कुठे होतं ते फक्त तुम्हाला लिहिलंय. पत्र दुकानात मोठ्याने वाचू नका.

दुसरा ता. क. खरं काम हे, की आई रविवारी तुमच्यासाठी नवीन हेल्मेट घेऊन येतेय. तुम्ही "देवाने कवटी दिलीय की" सुरू केलंत, तर तिला शंका येईल, ती मला खोदून विचारेल आणि मी रविवारच्या रविवारी घरी. तेव्हा मुकाट्याने घाला. आधीच्या हेल्मेटसारखे त्यात नट-बोल्ट ठेवू नका.

तिसरा ता. क. आणि मामा, ती वळणाआड गेली तरी काढू नका. निदान चालत्या गाडीवर तरी नका काढू.